भरल्या घरातून

मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला कारखान्याच्या मागच्या दारावर, पाटीच्या लोखंडी दांडीला, मधमाश्यांचा एक भलामोठा घोस येऊन लटकला आणि आत्याच्या हातातली कातर बारा थरांच्या मधोमध थांबली. कापड कापताना हात असा मध्येच थांबवायचा नसतो, थांबला की कडेला दात पडतात. हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला तिने पहिल्या दिवशी हे सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी हेच सांगून झापलं होतं. एकतीस वर्षांत तिचा स्वतःचा हात कधी थांबला नव्हता. बाहेर कोणीतरी किंचाळलं, मशीनवरच्या बायका एकामागून एक उठल्या, मालकांनी स्वतः धावत जाऊन खिडक्या लावल्या, आणि इस्त्रीवाल्याने, ज्याला जगातल्या प्रत्येक संकटावर एकच उपाय ठाऊक आहे, जाळ करून धूर द्यावा असं सुचवलं. "खबरदार काही पेटवलंस तर, वर कापडाची ठाणं आहेत!" मालक ओरडले. ही सगळी पळापळ चालू असताना आत्याने कातर टेबलावर ठेवली, कापड सरकू नये म्हणून त्यावर वजन ठेवलं, आणि सरळ मागच्या दाराने बाहेर जाऊन ती त्या घोसाखाली उभी राहिली. का गेली, ते तिला विचारूनही सांगता आलं नसतं. भरलेल्या पिशवीएवढा घोस होता तो, तपकिरी, आतून सतत हलणारा. एकीवर एक, एकीचा पाय धरून दुसरी, अशा हजारो. आवाज मात्र फार नव्हता. कारखान्यातली सगळी मशीनं एकदम बंद केली की क्षणभर कानात जी घरघर उरते, तेवढाच. तिला वाटलं होतं की भीती वाटेल. वाटलं ते भलतंच, आणि ते काय होतं हे उमजायला तिला पुढचे दहा दिवस लागले.

मालकांनी फोन करून बोलावलेला मधवाला तासाभरात आला. उंच, वाळका माणूस, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली, स्कूटरच्या मागे एक लाकडी पेटी बांधलेली. त्याला जमिनीवर अंथरायला पांढरी चादर हवी होती. चादर कुठून आणणार, पण डॉक्टरांच्या कोटांचं पांढरं कापड आत होतं. त्यातला उरलेला तुकडा आत्याने आणून अंथरला आणि मग आत जायचं सोडून ती तिथेच रेंगाळली. बटणांचं त्याला सांगावं की नाही, हा विचार तिने थोडा वेळ केला आणि सोडून दिला.

"आत जा बाई. चावायच्या नाहीत त्या, पण लोक उगाच हात झाडतात आणि मग गोंधळ होतो."

"मी नाही झाडत. चावायच्या का नाहीत?"

"राखायला घर कुठे आहे आता? माशी चावते ती घरासाठी."

तो शिडी उघडत होता. आत्याने शिडीचा एक पाय धरला, मदत म्हणून कमी आणि जागा सोडायची नव्हती म्हणून जास्त. "उठवलं कोणी त्यांना? धूर केला असेल कोणीतरी."

मधवाला हसला. "जो येतो तो हेच विचारतो. कोणी उठवलं, काय बिघडलं. काही बिघडलेलं नाही हो. घर भरलं म्हणून निघाल्या. मध भरलेला, पिलावळ भरलेली, सगळं जागच्या जागी. असं असलं की निघतात. वाईट झालेल्या घरातून पळतात किंवा तिथेच मरतात, ती गोष्ट वेगळी. याला पळणं नाही म्हणत."

"म्हणजे नवी राणी झाली, ती अर्ध्या घेऊन निघाली." तेवढं तिला शाळेत शिकल्याचं आठवत होतं.

"उलटं. नवी अजून बाहेरसुद्धा आली नसेल. निघते ती जुनी."

"जुनी? मग तिला हाकलतात की काय?"

"हाकलतील कशाला? पण आठवडाभर आधीपासून तिचं खाणं तुटतं, अंगाने हलकी होते. नाहीतर उडणार कशी? इतके दिवस आत बसून जड झालेली असते ती." तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता. "नव्यांना घर द्यायचं आणि जुन्यांनी बाहेर पडायचं, असा त्यांचा कारभार. आपल्याकडे उलटा."

"आणि जाणार कुठे?"

"ते अजून ठरायचंय. पाच-पन्नास जणी शोधायला गेल्यात, बाकीच्या इथे थांबल्यात. आधी निघायचं, मग शोधायचं. आधी शोधत बसल्या असत्या तर अजून आतच असत्या."

"आणि मिळालंच नाही घर, तर?"

"तर नाही मिळालं. सगळे घोस तगतात असं कोणी सांगितलं तुम्हाला? बरेच मरतात. पण निघतात बरं का, निघायचं सोडत नाहीत. आणि निघतात कशा, भर दुपारी, लख्ख उन्हात. चोरासारखं काही नाही." तो आणखी एक पायरी चढला आणि त्याच क्षणी घोसाचा खालचा भाग सुटा व्हायला लागला. आधी थोड्या, मग खूप, मग दांडी मोकळी दिसायला लागली आणि अंगणातली सगळी हवा माश्यांची झाली. आत्या हलली नाही. तिच्या कपाळाला, हाताला काहीतरी हलकं लागून गेलं. घोस विटांच्या भिंतीवर गेला, पलीकडच्या छपरावर गेला, आणि मग कुठे गेला ते उन्हात दिसेना. मधवाला शिडीवर रिकामा उभा होता. "बाई," तो म्हणाला, "तुमच्या प्रश्नांपायी माझा घोस गेला." रागावलेला मात्र तो दिसला नाही. आत्याने त्याला त्याची बटणं सांगितली.

आत येऊन तिने कातर उचलली. बारा थर, पाठीचा भाग, मधोमध एक दात. तो दात शिलाईत लपला असता, पण तिने ते बाराही तुकडे बाजूला काढून ठेवले आणि नवं कापड पसरलं. खडूने फर्म्याची कड गिरवताना तिचं डोकं भलतीकडेच चालत होतं. राखायला घर कुठे आहे आता. म्हणजे माशी चावते ती राखते म्हणून. तिला वाटलं होतं की आपण स्वभावाने फटकळ. घरात सगळे तसंच म्हणायचे, आत्या मनाने चांगली पण तोंडाने फटकळ, आणि तीही ते बिरुद मिरवायची. पण कशावर फटकळ? तिच्या खुर्चीत कोणी बसलं की. तिचा कप कोणी वापरला की. न्हाणीघरात तिची साबणाची डबी अर्धा हात सरकली की. सत्तावन्न वर्षं एकाच घरात, आधी वडलांच्या, मग भावाच्या, आता खरं तर भाच्याच्या. आणि त्या घरात तिचं म्हणून जे काही होतं ते बोटांवर मोजण्याइतकं, म्हणून ती दिवसभर त्याच्याभोवती गुणगुणत होती. तिच्या लक्षात आलं की गेले दोन-तीन महिने ती गुणगुणत नव्हती. डबी सरकलेली तिला दिसायची आणि ती तशीच राहू द्यायची. कपाटाची दुसरी किल्ली तिने भाचेसुनेला देऊन टाकली होती. भरतकामाचे दोरे शेजारणीला. जेवण अर्ध्यावर आलं होतं, म्हणून वहिनी तिला डॉक्टरांकडे न्यायच्या मागे लागली होती, आणि डॉक्टरांनी तपासून वजन थोडं उतरलंय, बाकी ठणठणीत आहात, असं सांगून परत पाठवलं होतं. खडू तिच्या बोटांत थांबला. "हात्तिच्या," ती मोठ्याने म्हणाली, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने दचकून आपलंच काही चुकलं का म्हणून पाहिलं.

त्या घरात दुःख नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढे जो तो तेच शोधत बसला. दुसऱ्या मजल्यावरचं घर, चार खोल्या, त्यातली पूर्वेची आत्याची. दादा नोकरीतून निवृत्त झालेला, सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचणारा. वहिनीचे गुडघे दुखायचे पण जीभ शाबूत होती. भाचा चष्म्याच्या दुकानात, कामाला वाघ आणि घरी गोगलगाय. भाचेसून हुशार, तिने दोन वर्षांत घराचा सगळा कारभार असा उचलला की वहिनीला आपण म्हाताऱ्या झालो हे कळायच्या आत बसायला उशी मिळाली. दुसरं मूल व्हायचं होतं, आणि तेव्हाही पहिल्यांदा भाचेसूनच म्हणाली होती, आत्यांची खोली आत्यांचीच राहील. कोणी तिला टाकून बोलत नव्हतं. आजारपणात उशाशी बसत. आई सात वर्षं अंथरुणाला खिळली तेव्हा आत्याने तिचं सगळं केलं होतं, त्याची या घरात जाण होती. जाण फार होती, खरं म्हणजे. जिथे बसेल तिथे ती जाण तिच्यासमोर मांडून ठेवलेली असे, आणि तिच्यातलं थोडं रोज संपवावं लागे. आणि मधवाल्याचं ते वाक्य, सगळं जागच्या जागी. तिने घर डोळ्यांपुढे आणलं आणि खोली खोली तपासली. सगळं जागच्या जागी होतं. तीसुद्धा.

बुधवारी संध्याकाळी, जेवणं होत आली असताना, तिने सांगितलं. "पुढच्या शुक्रवारी मी जातेय."

"कुठे?" भाच्याने विचारलं. त्याला वाटलं, सहल.

"राहायला. वेगळी."

दादाचा हात ताटावर थांबला. वहिनीने भाचेसुनेकडे पाहिलं, भाचेसुनेने भाच्याकडे, आणि मग वहिनीने तो प्रश्न विचारला जो पुढचे आठ दिवस भिंतींवर आपटत राहिला. "कोणी काही बोललं का, वन्सं?"

"कोणी काही बोललेलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. इथे चांगलं झालं माझं, आणि पुरे झालं."

"पण राहणार कुठे तुम्ही?"

"आठ दिवस लॉजवर. तोवर खोली बघेन."

"लॉजवर!" वहिनीने छातीवर हात ठेवला. "घर असताना लॉजवर! अहो, निदान आधी जागा तरी बघा."

"आधी बघत बसले तर तुम्ही सगळे मिळून प्रत्येक जागेत खोट काढाल, वहिनी. आणि मी ऐकेन."

यात अडचण एवढीच होती की या घराण्यात भांडणाशिवाय कोणी बाहेर पडलंच नव्हतं. मुली लग्न होऊन गेल्या, म्हातारी माणसं वर गेली. पण धडधाकट माणूस उठून गेलं, तर त्यामागे एक चांगलं सणसणीत भांडण असायलाच हवं. धाकटे काका एका कपाटावरून गेले होते. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, कपाट कधीच मोडीत गेलं, पण काका का गेले असं विचारलं की आजही सगळे एका सुरात सांगत, कपाटावरून. कारण माहीत असलं की गेलेल्या माणसाची जागा भरून निघते. आत्याने कारण दिलं नव्हतं, म्हणून सगळे कारण शोधायला लागले, आणि मुळात चांगली माणसं असल्यामुळे प्रत्येकाने ते स्वतःतच शोधलं.

पहिली आली भाचेसून, दुसऱ्याच सकाळी, डोळे सुजवून. मागे एकदा आईशी फोनवर बोलताना ती आत्यांना घरातली पोलीस म्हणाली होती आणि ते आत्यांनी ऐकलं असणार. आत्याने ऐकलं नव्हतं. ऐकल्यावर तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यानं ती पोर आणखी रडायला लागली. भाच्याने कबूल केलं की तिची जुनी सायकल चोरीला गेली नव्हती, कॉलेजात असताना त्यानेच विकली होती. मग त्याने तिला पुन्हा एकदा रक्त तपासून घ्यायला सांगितलं, या वयात कधी कधी मनावर परिणाम होतो म्हणे. वहिनी सगळ्यात पद्धतशीर होती. आधी तिने त्यागाची बाजू लावून पाहिली, बाळासाठी खोली रिकामी करताय ना, मला कळतं हो सगळं. "अजिबात नाही," आत्या म्हणाली, "माझ्या डोक्यावर तसला मुकुट ठेवू नका. बाळाला खोली मिळेल हा योगायोग." मग दार लोटून घेऊन, आवाज खाली आणून वहिनीने विचारलं की मनात कोणी आहे का. नाही म्हटल्यावर ती थोडी हिरमुसलीच. आणि मग, पलंगाच्या कडेला बसून, गुडघे चोळत, तिने तिचं खरं सांगितलं: लग्न होऊन आल्यापासून ती आत्याचा चहा सगळ्यात शेवटी ओतत आली होती. गाळ यायचा म्हणून. मुद्दाम.

"तीस वर्षं मी गाळाचा चहा प्यायले?"

"सुरुवातीची चार-पाच वर्षं मुद्दाम. मग आपली सवय."

दोघी हसल्या. हसता हसता वहिनीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "जाऊ नका हो." या बाईवर आत्याचा जीव होता. हे तिला नव्याने कळलं आणि त्याचा तिला संताप आला, कारण जीव असणं हेही थांबायचं कारण नाही, आणि हे कोणाला समजावून सांगायची सोय नाही. माशीचं सोपं आहे, तिला वाटलं. माशीला वहिनी नसते. माशीला कोणी पलंगाच्या कडेला बसून गाळ कबूल करत नाही. अहो, तुमच्या माश्यांचा सगळा कारभार उन्हात आणि हवेत; माझा या खोलीत, या हातावर. रस्त्याने जाताना ती मनातल्या मनात मधवाल्याशी असं भांडायची आणि हरायची. वाईट झालेल्या घरातून पळणं कोणालाही जमतं. घर वाईट व्हायची वाट पाहायची म्हणजे काय करायचं? ते होईपर्यंत रोज थोडं थोडं आपणच करायचं ना. डबी सरकली म्हणून बोलायचं, कप वापरला म्हणून रुसायचं, पाच-सात वर्षांत भाचेसुनेचा चेहरा आंबेल, वहिनीची जीभ तिखट होईल, आणि मग एक दिवस छानपैकी भांडण होईल आणि आत्या रडत, सगळ्यांच्या मान्यतेने, घर सोडेल. तोवर पायांत बळ उरलं असलं तर. नको. मी आत्ताच जाते, सगळे हसत असताना.

दादा मात्र आठवडाभर काहीच बोलला नाही. वर्तमानपत्र वाचायचा, पण पान उलटायचा नाही. आणि गुरुवारी, जायच्या आदल्या दिवशी, तो कारखान्यात आला. एकतीस वर्षांत तो कधी तिथे आला नव्हता. दारात उभा राहून त्याने इतकी सगळी मशीनं एकदम चालताना पाहिली आणि टोपी काढावी की नाही अशा चेहऱ्याने तो आत आला. मालकांनी त्याला खुर्ची दिली, ती नाकारून तो कापणीच्या टेबलापाशी स्टुलावर बसला. आत्याच्या समोर परिचारिकांच्या गणवेशाचं निळं कापड पसरलेलं होतं. ती खडूने आखत राहिली, कारण दादाकडे थेट पाहिलं की तो बोलत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"तुला कळलंय," तो म्हणाला.

"काय कळलंय?"

"तेच. कोणीतरी सांगितलं असणार. मला वाटलंच होतं, कधी ना कधी कळणार."

"दादा, सरळ बोल. मला काम आहे."

त्याने टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. "शिवणशाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या घरी. तू परीक्षेत पहिली आलीस त्या वर्षी. दुसऱ्या गावी त्यांची नवी शाळा निघत होती, तिथे शिकवायला त्यांना तू हवी होतीस. राहायला जागा देणार होत्या. तू बाजारात गेली होतीस. आई आत झोपलेली. हिला सातवा महिना. मी म्हटलं, तिला नाही जायचं. त्या म्हणाल्या, तिलाच विचारते. मी म्हटलं, विचारून झालंय."

खडूचा तुकडा पडला. आत्याने तो उचलला नाही. मोठ्या बाई तिला आठवत होत्या, आखूड केस, पुरुषी घड्याळ. परीक्षेच्या दिवशी त्यांनी तिची बाही उलटी करून आतली शिलाई पाहिली होती आणि नुसती मान हलवली होती. त्या मान हलवण्यावर ती कित्येक महिने जगली होती. आणि मग त्यांच्याकडून काहीच आलं नाही तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली होती की मान अशीही हलवतात. ते निळं कापड तिला क्षणभर दिसेना. सव्वीस वर्षांची ती कुठल्यातरी खोलीत कुलूप उघडताना दिसली, खोली रिकामी, भिंतीला मशीन. आई अंथरुणावर असताना ती गेली असती का? कदाचित नसती. कदाचित रडून, विचार करून, तिने बाईंना नाहीच सांगितलं असतं. पण ते तिने सांगितलं असतं. तिचा होकार तर त्याने हिरावलाच, तिचा नकारही त्यानेच वापरून टाकला.

"हे तू मला आज सांगतोयस," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

"तू त्यासाठीच जातेयस ना?"

"मला आत्ता कळतंय, दादा. या मिनिटाला."

त्याने मान वर केली. एकतीस वर्षं धरून ठेवलेली गोष्ट आपण विनाकारण सांगून बसलो, हे त्याच्या तोंडावर उमटलं, आणि आत्याला एक क्षण त्याची कीव आली आणि लगेच त्या कीवेचाही राग आला. "जा घरी," ती म्हणाली. "मला सहा वाजेपर्यंत शंभर पाठी कापायच्या आहेत." तो गेला. तिने शंभर कापल्या. एकाही कडेला दात पडला नाही.

संध्याकाळी बॅग भरताना तिच्या ध्यानात आलं की आता सगळं किती सोपं झालंय. हवं होतं ते कारण आलं होतं, चालत, टोपी हातात घेऊन. बाहेरच्या खोलीत जाऊन एवढं एक वाक्य बोलायचं, की या माणसाने माझं आयुष्य परस्पर नाकारलं, आणि घर, नातलग, जिन्यातल्या शेजारणी, सगळे तिच्या बाजूने. कपाटावरून गेलेल्या काकांशेजारी तिची पाटी लागली असती: शाळेवरून. वहिनीनेही नवऱ्याशी अबोला धरला असता. आणि दादाला, हे तिला आता स्पष्ट दिसत होतं, दादाला सगळ्यात बरं वाटलं असतं. गुन्हा केला, शिक्षा झाली, हिशेब मिटला. राग तर होताच, पोटात निखारा ठेवल्यासारखा. काल नव्हता, आज होता, आणि तो खरा होता. तिने तो चाचपून पाहिला. याच्या जोरावर मी जाणार असेन, तर उद्या तो माफी मागेल, पाया पडेल, आणि राग निवला की मला परत यावं लागेल. आणि नाही निवला, तर आयुष्यभर मी त्या खोलीत त्याच्या गुन्ह्यासोबत राहीन, म्हणजे पुन्हा त्याच्याच घरात. नाही. जाण्याचं तिने मंगळवारी, उन्हात, कोणावरही न रागावता ठरवलं होतं. ते कोरं होतं. इतक्या वर्षांत तिने एकटीने केलेली ती एकच गोष्ट होती आणि ती गोष्ट दादाच्या नावावर चढवायची तिची तयारी नव्हती. तिने दोन चादरी, चार कपडे आणि चांगली कातर बॅगेत घातली, आणि कातरीचं टोक कशाला लागू नये म्हणून ती टॉवेलात गुंडाळली.

शुक्रवारी तिने अर्धा दिवस रजा घेतली. बारा वाजता ऊन जिन्यात उतरलं होतं आणि वरच्या-खालच्या मजल्यावरच्या दोन दारांना फटी पडल्या होत्या. "सगळं ठीक ना हो?" खालच्या शेजारणीने शेवटी न राहवून विचारलंच. "उत्तम आहे," आत्या वाकून म्हणाली, "म्हणून तर निघाले." फट मिटली आणि लगेच पुन्हा उघडली. भाच्याने बॅग खाली गाडीपाशी नेली. भाचेसुनेने डोळे पुसत पत्त्याची चिठ्ठी मागितली, आणि पत्ता अजून नाही म्हटल्यावर निदान फोन तरी रोज करा म्हणाली. वहिनी दारात खुर्ची टाकून बसली होती, उभं राहवत नव्हतं म्हणून. दादा तिच्यामागे भिंतीला टेकून. दोन पायऱ्या उतरलेल्या आत्याला त्याने हाक मारली आणि पुढे येऊन, बायकोला ऐकू जाऊ नये इतक्या खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्यामुळे जातेयस, एवढं तरी म्हण. मला सोसेल. हे असं काहीच न म्हणता जाणं मला सोसत नाही."

तो म्हातारा दिसत होता. लहानपणी शाळेत जाताना रस्ता ओलांडायला तो तिचं मनगट धरायचा, हात कधी नाही, मनगट, म्हणजे सुटायला नको. ती वर त्याच्याकडे पाहत राहिली. पोटातला निखारा तसाच होता, आणि पाय हलके होते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

"नाही म्हणणार," ती म्हणाली, चांगलं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं. "माझ्या जाण्यात तुझा काही वाटा नाही, दादा. आज मी नुसती जातेय. भांडायला रविवारी येईन. सकाळीच येते, बराच वेळ लागेल."